हॅरिसच्या किनाऱ्यावरील मुक्काम

स्कॉटलंडच्या वायव्येस, अटलांटिक महासागरात, बाह्य हेब्रिडीज ही द्वीपमाला पसरली आहे. स्काय बेटावरील उईग बंदरातून निघालेली बोट पावणेदोन तासांच्या आत हॅरिसमधील टार्बर्टला लागते. तेथून पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की हॉर्गाबॉस्टचा तळ येतो. समोर पांढरी वाळू, पाचूच्या रंगाचे पाणी आणि पलीकडे टॅरन्से बेट. झाड सहसा दृष्टीस पडत नाही. वारा ते वाढूच देत नाही.

येथे पुष्कळ प्रवासी कॅम्पर व्हॅन घेऊन येतात. जैन कुटुंबाला तर हे फिरते घर फारच सोयीचे. पाणी गाळून उकळता येते, कंदमुळाविना भाजी शिजवता येते, डब्यात खाखरे असतातच. हॉटेलवाल्याला काही समजावून सांगावे लागत नाही. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो. नऊ वाजता जेवले तरी चोविहाराचा नियम मोडत नाही, पण पोटाला हा युक्तिवाद पटेलच असे नाही. जाणती माणसे सातलाच ताट उरकतात.

वाऱ्याशी मात्र जुळवून घ्यावे लागते. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी केली तर ती स्थिर राहते. आडवी लावली तर रात्रभर पाळण्यासारखी हलते. वर उचलले जाणारे कापडी छत वारा वाढण्यापूर्वीच खाली घ्यावे. दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे, नाहीतर बिजागरी निखळते. थंडीने कंटाळून सर्व खिडक्या बंद करून शेगडी पेटवणे तर जिवावर बेतू शकते, कारण विषारी वायू आतच साठतो. ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला ब्यूफोर्ट मोजपट्टीवर आठवा क्रमांक आहे. अशा वेळी कोरड्या खाऊवर भागवलेले बरे.

परंतु या किनाऱ्यावर जपायचे ते केवळ स्वतःला नव्हे. किनाऱ्यालगतच्या सपाट कुरणाला ‘माखेर’ म्हणतात. लाटांनी भरडलेल्या शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने हजारो वर्षे आत आणून टाकला, त्यावर गवताची पातळ साय धरली. जगात अशी भूमी स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या किनाऱ्यांवरच आढळते. उन्हाळ्यात ती फुलांनी भरते, भुंगे येतात, टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. समुद्र जरा अधिक चांगला दिसावा म्हणून कोणी गाडी चार पावले पुढे घेतो. चाकाखाली ती साय फाटते. उघडी पडलेली वाळू वारा उडवून नेतो आणि खड्डा वर्षानुवर्षे रुंदावत जातो. पायाखाली पाहून चालावे, ही जयणा आपल्याला बालपणापासून शिकवली जाते. चाकाला तिची गरज पायाहून अधिक आहे. आखून दिलेल्या जागेतच गाडी ठेवली की पुरे.

येथील अनेक रहिवासी रविवार हा उपासनेचा दिवस म्हणून कसोशीने पाळतात. शेजारच्या लुइसमधील स्टोर्नोवे बंदरातून अलापूलकडे रविवारी बोट सुटू लागली तीही २००९ मध्ये, मोठ्या विरोधानंतर. काही प्रवासी यावर कुरकुरतात. संवत्सरीला दुकानाचे शटर न उघडणाऱ्या घरातील माणसाला यात नवल वाटू नये. रविवारी हॅरिसमधील बहुतेक दुकाने बंदच असतात. तेव्हा दूध, शिधा आणि इंधन शनिवारीच भरून ठेवावे.