विंग्जचं दुकान आणि छत्तीस मणी



मागच्या महिन्यात आमच्या सांगलीत, आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर चिकन विंग्जचं हॉटेल निघालं. आधी तिथं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. दुसऱ्या कुणी ते काढलं असतं तर मी पलीकडच्या कडेनं गेले असते आणि विषय तिथंच संपला असता. पण ते काढलं आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या मुलानं. मराठ्यांचं घर आहे. त्याची आई बँकेत होती, त्यामुळं शाळा सुटली की हा आमच्याकडं. माझ्या हातचा वरणभात खाऊन मोठा झालेला. एकदा दशलक्षण पर्वात माझ्या मुलाबरोबर हट्टानं एकासन केलं आणि दुपारी चारला कट्ट्यावर बसून रडला, पण मोडलं नाही. पुढं पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, चार वर्षं जहाजावर नोकरी केली, आणि आता कर्ज काढून हे.

तो पत्रिका घेऊन आला. म्हणाला, "काकू, तुम्ही आल्याशिवाय फीत कापायची नाही."

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एकासन आहे म्हणून सांग." त्या दिवशी होती सप्तमी. अष्टमी असती तरी मी ते सांगितलं नसतं. व्रत आपल्या आत्म्यासाठी घेतलेलं असतं, नको त्या ठिकाणी जाणं टाळायला नव्हे. तुमच्यापैकी पुष्कळजणींवर हा प्रसंग कुठल्या ना कुठल्या रूपात येतो: मुलाच्या मित्राचा वाढदिवस, सुनेच्या ऑफिसचं जेवण, नव्या सोसायटीतली पार्टी. खायचं नाही हे ठरलेलंच असतं. पण जायचं की नाही, आणि गेल्यावर तोंडानं काय बोलायचं, हे कुठं ठरलेलं असतं?

मी गेले. पाच वाजता, चांगल्या उजेडात, आठ वर्षांच्या नातवाला घेऊन. नारळ आणि पेढे नेले.

हॉटेल लहानच आहे. सहा टेबलं, पिवळे दिवे, भिंतीवर खडूनं लिहिल्यासारखा पदार्थांचा फळा. तो मी वरपासून खालपर्यंत वाचला. बफेलो विंग्ज, हनी गार्लिक विंग्ज, बर्बन बार्बेक्यू विंग्ज. बर्बन म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, अमेरिकेतली मक्याची दारू, पण आमच्या सॉसमध्ये नुसता वास आहे, दारू नाही. पाठशाळेत आपल्याला पहिल्यांदा काय शिकवलं जातं? मद्य, मांस, मधु. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या आठ मूलगुणांत या तिन्हींचा त्याग सांगितला आहे. आठवणीत राहावेत म्हणून आपण त्यांना तीन मकार म्हणतो. एका फळ्यावर तिन्ही मकार एकाखाली एक लिहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले, तेही ज्याला मी वरणभात भरवला त्याच्या अक्षरात.

नातवाला बफेलो शब्दाचं कोडं पडलं. "आजी, म्हशीला पंख असतात?" त्याला समजावून सांगितलं ते दुकानदारानंच. बफेलो हे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं गाव. तिथं अँकर बार नावाच्या ठिकाणी 1964 मध्ये तेरेसा बेलिसिमो या बाईनं कोंबडीचे पंख तळून तिखट सॉस आणि लोण्यात घोळवले, अशी त्या पदार्थाची प्रसिद्ध गोष्ट आहे. त्याआधी पंखांना फारशी किंमत नव्हती, ते सूप उकळताना पातेल्यात जायचे. म्हणजे उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून निघालेला पदार्थ. एका बाईनं केलेली काटकसर म्हणून ऐकताना मला जरा आपलेपणा वाटला हे खरं. आपण नाही का भोपळ्याच्या सालीची चटणी करत?

पण आता तो पदार्थ उरल्यासुरल्याचा राहिलेला नाही. मी सहज हिशेब केला. एका पंखाचे दोन तुकडे करतात, टोक काढून टाकतात. एका प्लेटीत आठ तुकडे. म्हणजे चार पंख, म्हणजे दोन जीव. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवडे जगते. समोरच्या टेबलावर कॉलेजची चार मुलं बसली होती, त्यांच्यापुढं तीन प्लेटी होत्या. मी मोजणं थांबवलं, कारण मोजत राहिले असते तर त्या मुलांकडं नीट बघता आलं नसतं. गोड मुलं होती. मला उठून जागा दिली.

मग त्यानं माझ्यासाठी खास प्लेट आणली. "काकू, हे शंभर टक्के व्हेज. सोया विंग्ज. कांदा-लसूण नाही." सोयाबीनचा लगदा, वरून करकरीत आवरण, आणि हाडाच्या जागी लाकडाची काडी. दुसरा शाकाहारी प्रकार फ्लॉवरचा होता, पण फ्लॉवरमध्ये अळ्या निघतात म्हणून आपल्या घरात तो येत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तेवढं लक्षात ठेवून त्यानं सोया केलं होतं. माझे डोळे भरून आले. आणि तरीही मी विचारलं, "तेल वेगळं आहे का रे?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही काकू. फ्रायर एकच आहे. दुसरा पुढच्या हप्त्यानंतर."

खोटं बोलला असता तर मला कळायचा मार्ग नव्हता. तो खरं बोलला. प्लेट मी कपाळाला लावल्यासारखी हातात घेतली आणि त्याच्या आईच्या पुढं सरकवली. नातवाचा चेहरा पडला.

हे सगळं सोपं होतं. अवघड पुढंच होतं. फीत कापून झाल्यावर तो वाकला आणि म्हणाला, "काकू, आशीर्वाद द्या. दुकान जोरात चालू दे."

आता काय बोलायचं? जपमाळेला एकशे आठ मणी का, याचं एक उत्तर आपण स्वाध्यायात ऐकतो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातला हिशेब आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान्यता दिलेलं हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार करा, एकशे आठ होतात. त्यातला तिसरा हिस्सा, छत्तीस मणी, निव्वळ अनुमोदनेचे. आयुष्यभर आपण 'आम्ही खात नाही, आमच्या घरात शिजत नाही' या समाधानात असतो. पण 'दुकान जोरात चालू दे' म्हणजे काय? रोज जास्त प्लेटी जाऊ देत. तो शब्द ओठावर आणणं म्हणजे त्या छत्तीस मण्यांत वचनाचा मणी ओढणं. आणि न बोलणं म्हणजे वाकलेल्या पोराच्या डोक्यावर हात न ठेवणं.

मी हात ठेवला. म्हणाले, "निरोगी राहा. आईवडिलांना सुख दे. तुझं कर्ज लवकर फिटू दे."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "कर्ज कशानं फिटणार? कोंबड्यांनीच ना?" वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीही त्यांची बुद्धी सुरीसारखी चालते. मला उत्तर आलं नाही. पण पुन्हा तसा प्रसंग आला तर मी हेच तीन शब्द बोलेन. माणसाचं भलं चिंतणं आणि त्याच्या धंद्याचं भलं चिंतणं यांत केसाएवढं अंतर असेल, पण तेवढ्या अंतरावर उभं राहता येतं असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा, मी सासूबाईंनाही वाचून दाखवीन.

रात्री नातवाचा प्रश्न आला. तेल वेगळं असतं तर सोया विंग खाल्ला असता की नाही? सोया म्हणजे डाळच की!

त्याला मी यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आपल्या आचार्यांना ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटली की सोमदेवसूरींनी ती संस्कृतात यशस्तिलकात सांगितली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात आणि जन्न कवीनं कन्नडमध्ये. उज्जयिनीच्या यशोधराला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. तो म्हणाला, मी जीव मारणार नाही. मग आईनं मधला मार्ग काढला: पिठाचा कोंबडा कर. त्यानं पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालवली आणि प्रसाद म्हणून तो खाल्ला. एक थेंबही रक्त सांडलं नाही. तरी मायलेक जन्मोजन्मी पशुयोनीत हिंडले. आधी मोर आणि कुत्रा, आणि शेवटी खरेच कोंबडा-कोंबडी होऊन यशोधराच्याच मुलाच्या बाणानं मेले. (राणीचा भाग मी गाळला. तो मोठा झाल्यावर वाचेल.)

नातू थोडा वेळ विचार करत पडला. मग म्हणाला, "पण आजी, राजाला मारल्यासारखं करायचं होतं. मला फक्त करकरीत खायचं होतं."

मैत्रिणींनो, यावर काय बोलणार? मुद्दा त्यानं बरोबर पकडला होता. पिठात पाप नव्हतं, संकल्पात होतं. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या मुलानं परदेशात सवय लागल्यावर याच सोयाच्या तुकड्यांच्या आधारानं मांस सोडलं. त्याच्यासाठी ती खाली उतरायची पायरी ठरली. पण ज्या मुलानं कधी मांस पाहिलंही नाही, त्यानं काडीला हाड समजून कुरतडायचं, हा खेळ मला नको वाटतो. तीच पायरी वर चढायलाही लागते. त्याला मी एवढंच म्हटलं, "करकरीत हवंय ना? मग पंखाचा आकार कशाला?"

दुसऱ्या आठवड्यात शेजारचा पोरगा वही घेऊन आला. फळ्यावर 'जैन विंग्ज' लिहायचं होतं, नियम विचारायला आला होता. मी सांगितलं: तेल, कढई, झारा, सगळं वेगळं. बटाटा, कांदा, लसूण नाही. सॉसमध्ये मध नाही, अंड्याचं मेयोनेज नाही. बिनअंड्याचं असलं तरी त्यात लसूण आहे का बघायचं. चीज घेताना हिरवा ठिपका बघायचा. त्यानं सगळं लिहून घेतलं, हिशेब केला आणि वही मिटली. "एवढ्यात परवडणार नाही काकू. तोवर जैन शब्द लिहीत नाही." मला त्याचा अभिमान वाटला. जैन शब्द लिहून एकाच तेलात सगळं तळणारी हॉटेलं आपण काय कमी पाहिली आहेत?

त्या दिवशी मी कच्ची केळी तळली होती. गोल जाड चकत्या, वरून तांदळाचं पीठ आणि थोडा रवा लावून. बरोबर लाल सॉस: टोमॅटो, भिजवलेली ब्याडगी मिरची, चिंच, गूळ, हिंग आणि शेवटी चमचाभर तूप. साडेपाचला दोघांना ताटं वाढली. नातवानं नऊ चकत्या खाल्ल्या, त्यानं अकरा. दिवस मावळायच्या आत सगळं आवरलं. वाटीभर सॉस उरला होता. त्यानं विचारलं, "काकू, हा नेऊ का दुकानावर?" मी डबा भरून दिला. तो कशाला लावणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासूबाई मात्र आतून बघत होत्या.