चार मीटरची गाडी आणि रायपूरचे रस्ते

१८७७ साली कोलकात्याचा एक चौदा वर्षांचा मुलगा आई आणि भावंडांसह रायपूरला निघाला. वडील वकिलीच्या कामासाठी आधीच तिथे गेले होते. नागपूरच्या पुढे रेल्वे नव्हती. तिथून बैलगाडी, दोन्ही बाजूंना घनदाट जंगल आणि पंधरा दिवसांहून जास्त प्रवास, असं चरित्रकार सांगतात. तो मुलगा म्हणजे नरेंद्रनाथ दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद. रायपूरच्या विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे आणि बूढापारा भागात हे कुटुंब राहिलं होतं ते घरही लोक आवर्जून दाखवतात.

आज नागपूर-रायपूर हे सुमारे २९० किलोमीटरचं अंतर मोटारीने पाच-साडेपाच तासांत संपतं. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडायची, साकोली आणि देवरी मागे टाकायची, राज्याची हद्द संपली की राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. मग खारून नदीचा पूल आला की रायपूर आलंच. या रस्त्यावर एके काळी जीप आणि १९९४ नंतर टाटा सुमो दिसायची. दहा माणसं, टपावर वळकट्या आणि मध्ये कुठे तरी डब्यातली पुरीभाजी. आता तिथे छोटी, उंच बांध्याची, रुबाबदार नाकाची एसयूव्ही आली आहे. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ अशी तिची अनेक नावं. रायपूरच्या मराठी घरांतही गाडी घ्यायची म्हटलं की पहिलं नाव हिचंच निघतं. सात-आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंतचा हा व्यवहार आहे. मध्यमवर्गीय घरात तो आयुष्यात एकदा किंवा फार तर दोनदा होतो. तेव्हा ही गाडी कुठे कामाला येते आणि कुठे हात टेकते हे रायपूरच्याच रस्त्यांवर पाहिलेलं बरं.

ही गाडी मुळात जन्मली ती सरकारी अंदाजपत्रकातून. २००६ साली छोट्या मोटारींवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि छोटी मोटार म्हणजे काय तेही ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. कारखानदारांनी पट्टी घेतली आणि गाड्या कापायला सुरुवात केली. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि हा साचा लोकप्रिय झाला. पुढे फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवलं, साचा मात्र राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, बाकीच्यांवर ४० टक्के. इथे एक गंमत आहे. ब्रेझा चार मीटरच्या आत असली तरी तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांच्या रांगेत. किमतींची तुलना करताना हे ध्यानात ठेवावं.

म्हणजे लांबीची मर्यादा करासाठी आहे, रुंदीला अशी मर्यादा नाही. हे कळतं ते तात्यापाऱ्यात गेल्यावर.

तात्यापारा हा रायपूरच्या जुन्या वस्तीचा भाग. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर बसला. बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहू लागले आणि त्या काळापासून मराठी कुटुंबं इकडे येत राहिली. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढणारे आणि लोकमान्यांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले. १९२६ साली रायपुरातच त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाची शाळा आणि मैदान आजही बूढातलावाजवळ आहे. अशा जुन्या वस्तीतल्या गल्ल्या सायकल आणि टांग्याच्या मापाच्या. तिथून सदर बाजार किंवा गोलबाजाराकडे वळताना गाडी किती लांब आहे याला फारसं महत्त्व नसतं, ती किती रुंद आहे याला असतं. वॅगनआरची रुंदी १.६२ मीटर आहे, तर ब्रेझाची १.७९ आणि नेक्सॉनची १.८० मीटर. शिवाय दोन्ही बाजूंचे आरसे वेगळे. फरक वीतभरही नाही, पण समोरून हातगाडी आणि मागून रिक्षा आली की तेवढ्यानेच घाम फुटतो. ज्यांचं घर गल्लीत आहे आणि गाडी दारातच लावायची आहे त्यांनी शोरूमला जाण्यापूर्वी गल्लीला टेप लावावा. हसण्यासारखं वाटेल, पण रोज दोनदा आरसे मिटून गाडी काढावी लागली की हसू येत नाही.

याच गल्लीत या गाडीचा सगळ्यात मोठा गुणही दिसतो. तो म्हणजे बसण्याची उंची. साध्या छोट्या मोटारीत गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी खाली वाकावं लागतं आणि उतरताना कुणाचा तरी हात धरून वर यावं लागतं. इथे आसन साधारण कमरेच्या उंचीला येतं. साडी नेसलेल्या आजी पाठ टेकतात, पाय आत घेतात, की बसल्या. जाहिरातींत डोंगरमाथ्यावर उभी असलेली गाडी दाखवतात. रायपूरच्या घरात तिची खरी किंमत मेकाहाऱ्याच्या, म्हणजे आंबेडकर रुग्णालयाच्या, फेरीला कळते. मात्र सगळ्या उंच गाड्या सारख्या नाहीत. काहींचा उंबरा रुंद असतो, पाय लांब टाकावा लागतो आणि ठेंगण्या माणसाला चढल्यासारखं होतं. म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाच शोरूममध्ये बसवून पाहावं. मुलाने बसून ‘छान आहे’ म्हणण्याला अर्थ नाही.

दुसरा गुण पोटाखालच्या मोकळ्या जागेचा, ज्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. साध्या छोट्या गाडीत ते १६० ते १७० मिलिमीटरच्या आसपास असतं. या गाड्यांत १९५ ते २०९ पर्यंत सांगितलं जातं. वस्त्यांतले मनमानी गतिरोधक, खोदून अर्धवट बुजवलेले चर, जुलै-ऑगस्टमधले खड्डे यांवरून पाच माणसं भरलेली गाडी खाली न घासता जाते ती यामुळेच. पण याच गुणाने माणसं फसतात. जमिनीपासूनची उंची म्हणजे पाण्यात जाण्याची खोली नव्हे. मुसळधार पावसात शहराच्या सखल भागात गुडघाभर पाणी तुंबतं आणि उंच गाडी म्हणून ती बिनधास्त आत घातली जाते. हवा घेण्याच्या नळीतून पाणी इंजिनात शिरलं की दुरुस्तीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ढकलून बाहेर काढावी.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मेच्या शेवटी रायपुरात ‘नौतपा’ लागतो. हे नऊ दिवस पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावात छताला काचेची खिडकी, म्हणजे सनरूफ, हवी म्हणून लाखभर रुपये वरचं मॉडेल घेतलं जातं ही मोठीच मौज! मुलं डोकं बाहेर काढण्याचा हट्ट धरतात, तो धोकादायक आहे आणि दिवसा पडदा ओढूनच ठेवावा लागतो. त्यापेक्षा मागच्या आसनांसाठी एसीची वेगळी झडप आहे का, गादीचा रंग काळा तर नाही ना, हे पाहणं फायद्याचं. सिलतरा आणि उरला भागातल्या कारखान्यांमुळे हवेत धूळ आणि काजळी असते, म्हणून एसीचा फिल्टरही इथे लवकर बदलावा लागतो.

शहर सोडून नवा रायपूरकडे निघालं की चित्र पालटतं. स्टेशनपासून मानाच्या दिशेने जाणारा एक्स्प्रेस-वे धमतरीच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या जागेवर उभा आहे. जिथून छोटी आगगाडी डुलत जायची, तिथून आता मोटारी सुसाट निघतात. पुढे पुरखौती मुक्तांगण, जंगल सफारी, क्रिकेटचं स्टेडियम आणि रुंद, बरेचदा रिकामे रस्ते. रविवारच्या सहलीला, चार माणसांना, ही गाडी इथे अगदी माफक खर्चात राजेशाही वाटते.

खरी कसोटी लागते ती नागपूरच्या रस्त्यावर आणि तीही लग्नसराईत किंवा शेगावच्या दर्शनाला निघताना. रायपूर ते शेगाव हा साडेपाचशेहून अधिक किलोमीटरचा पल्ला. अमरावती-अकोला टप्प्यातला ७५ किलोमीटरचा रस्ता २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला होता, तोही याच वाटेवर. रस्ता चांगला आहे. अडचण मागच्या आसनावर असते. कागदावर गाडी पाच जणांची आहे. दोन मोठी माणसं मागे ऐसपैस बसतात, तिसरं आलं की खांदे तिरके होतात. मधल्याला गादीचा उंचवटा मिळतो, पुढच्या कन्सोलमुळे पाय पसरता येत नाहीत, आणि बहुतेक घरांत ती जागा घरातल्या सुनेच्या वाट्याला येते. देवरीपर्यंत कोणी काही बोलत नाही. भंडाऱ्याच्या पुढे पाठ बोलू लागते. डिकीची जागा ३३० ते ३८५ लिटर, म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि काही पिशव्या. पाच जणांचं चार दिवसांचं सामान, त्यात आहेराच्या साड्या आणि लाडवाचे डबे, हे तिथे मावत नाही. सुमोची आठवण येते ती इथे.

याच रस्त्यावर जिवाचाही प्रश्न आहे. छत्तीसगडच्या महामार्गांवर, विशेषतः पावसाळ्यात, गुरं रात्री कोरड्या डांबरावर येऊन बसतात. उच्च न्यायालयानेही याची दखल घेतली आहे. उंच बसल्यामुळे चालकाला दूरचं थोडं आधी दिसतं, हा फायदा. पण उंच गाडीचा गुरुत्वमध्यही वर असतो, आणि टपावर सामान बांधलं की तो आणखी वर जातो. ऐंशी-नव्वदच्या वेगात एकदम चाक वळवलं तर ती बुटक्या गाडीपेक्षा जास्त कलते. घसरण सावरणारी ईएससी यंत्रणा म्हणून सनरूफपेक्षा कितीतरी मोलाची. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले आणि भारतात बनलेल्या मोटारीला असा मान पहिल्यांदाच मिळाला. तेव्हापासून लोक तारे विचारू लागले हे चांगलंच झालं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅपही सुरू झालं आहे. पण मागे पट्टा न लावता बसलेल्या माणसासाठी ते तारे नसतात.

रायपूरकरांचा दुसरा लांबचा पल्ला बस्तरचा. जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर, आणि वाटेत कांकेरच्या पुढे केशकालचा बारा वळणांचा घाट. घाटात तेलीन मातेचं देऊळ आहे, ट्रकवाले तिथे हात जोडतात. पाच माणसं, एसी चालू आणि पुढे लोखंडाच्या खनिजाचा ट्रक, अशा वेळी छोट्या पेट्रोल इंजिनाची दमछाक होते. गिअर खाली घेत राहावा लागतो. डिझेल इथे निमूट चढतं. ब्रेझाने २०२० मध्ये डिझेल सोडलं, पण नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू, थ्रीएक्सओ यांत ते मिळतं. वर्षातून दोनदाच बस्तर असेल तर त्यासाठी डिझेलचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर महामार्ग असेल तर आहे.

आणि जंगल? सिरपूरचं सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर ८० किलोमीटरवर. राणी वासटेने ते बांधवलं. तिथपर्यंत कुठलीही गाडी जाते. बारनवापारा अभयारण्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यांवरही ही उंच गाडी जपून नेली तर चालते. पण एसयूव्ही या नावावर भरवसा ठेवून ओल्या मातीत शिरू नये. या सगळ्या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. चिखलात ती रुतली की हॅचबॅकसारखीच रुतते, आणि सफारीला जिप्सी वापरतात त्याचं कारण तेच. चार मीटरच्या आत चारही चाकांची ताकद हवी तर थार किंवा जिम्नी आहेत, पण त्या चौघांच्या, आणि थारच्या मागच्या आसनावर आजींना चढवणं म्हणजे गिर्यारोहणच.

तेव्हा ही गाडी चौघांच्या घराची आहे: नवरा-बायको, एखादं मूल आणि एक वडीलधारं माणूस, शहरातली धावपळ, राजीम-सिरपूर-गंगरेलच्या सहली आणि वर्षाकाठी नागपूरच्या दोन-तीन फेऱ्या. तिथे ती पैसे वसूल करते. घरात नेहमी प्रवास करणारी पाच-सहा मोठी माणसं असतील, तर त्याच पैशांत एर्टिगासारखी लांब, सात जणांची गाडी जास्त सुखाची. तिला डोंगरावरचा रुबाब नाही आणि तात्यापाऱ्यात वळवताना लांबीही जाचते, पण मधल्या माणसाची पाठ शाबूत राहते.

२०२५ च्या सुरुवातीला रायपुरात भरलेल्या ऑटो एक्स्पोत छत्तीसगड सरकारने आजीवन रोड टॅक्समध्ये निम्मी सूट दिली होती. अशा सुटीच्या गर्दीत विक्रेता चक्कर मारायला देतो ती सपाट रस्त्यावर, एकट्या चालकाला आणि दहा मिनिटं. ती पुरेशी नाही. घरातली सगळी माणसं घेऊन जावं, चालकाच्या जागी कोण बसलं याचा विचार न करता मागे तिघांना बसवावं, नागपूरला नेतात त्या बॅगा डिकीत ठेवून पाहाव्यात, आणि दोन गतिरोधक आणि एक गल्ली असलेल्या रस्त्याने अर्धा तास फिरावं. परत आल्यावर मत विचारायचं ते मागे मध्ये बसलेल्या माणसाला.