लोटस ४९, तुझ्या मागच्या चाकांबद्दल

प्रिय लोटस ४९,



दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरावीतला पुतण्या आमच्याकडे राहायला आला होता. टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग आणि खालची पेडलं पाहून तो आधी खुर्चीत बसला आणि मग म्हणाला, बसू का. ‘असेटो कोर्सा’ या सिम्युलेटरमधल्या इतक्या गाड्यांतून त्यानं तुलाच निवडलं. हिरवी, पिवळ्या पट्ट्याची, मागं उघडं इंजिन. ट्रॅक मोंझाचा, १९६६ सालचा, वेग कमी करायला लावणारी शिकेन वळणं नसलेला. पिटमधून निघताना त्यानं थ्रॉटल दाबला आणि तू जागच्या जागी गर्रकन फिरलीस. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. लेस्मोच्या दोन वळणांपर्यंत तो एकदाच पोचला, तिथंही बूड सुटलं आणि गाडी गवतात गेली. पाचव्या खेपेला त्यानं हात वर केले. ‘काका, हिला सोपी कर ना.’

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी तेव्हा जे केलं ते चुकलं, हे आधीच कबूल करतो. सेटिंगमध्ये जाऊन स्टॅबिलिटी कंट्रोलची पट्टी शून्यावरून शंभरावर नेली. तू एकदम शहाण्यासारखी वागायला लागलीस. त्यानं सलग तीन लॅप मारल्या, खूश होऊन जेवायला आला, घरभर सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, आता ते बंद करून बघतो. दुसऱ्या लेस्मोवर तू अगदी आदल्या दिवशीसारखी फिरलीस. तीन लॅपमधून त्याच्या हातांत काहीही उतरलं नव्हतं.

मला माझी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवली. शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असायचा. महिनाभर गाडी एकदाही बंद पडली नाही, मला वाटलं जमलं. लायसन्स मिळाल्यावर घराजवळच्या चढावर सिग्नलला तीनदा बंद पडली, मागं हॉर्नचा कल्लोळ. तेव्हा कळलं की महिनाभर क्लच सरांचा पाय सोडत होता. त्यांनी सांगितलं असतं, ‘आत्ता मी सोडला, पुढच्या वेळी तू सोड’, तर मी तिथंच शिकलो असतो.

तू मुळात अवघड का आहेस, हे मी त्याला नंतर सांगितलं. लोटसच्या कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी तुला फॉर्म्युला वनसाठी घडवलं, पाठीला कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन जोडलं. वजन पाचशे किलोच्या आसपास, ताकद चारशे अश्वशक्तीच्या घरात. म्हणजे आपल्या अल्टोपेक्षा हलकी आणि ताकदीला तिच्या कितीतरी पट. १९६७ मध्ये तुला पंखही नव्हते, त्यामुळे वेग वाढला तरी हवा तुला खाली दाबत नव्हती. सुरुवातीच्या इंजिनांची ताकद तर एकदम धक्क्यानं यायची. लोटसचा चालक जिम क्लार्क यानं तुला पहिल्यांदा चालवलं ते थेट झांडफोर्टला शर्यतीच्या वेळी, कारण आधीच्या चाचण्या त्याचा संघसाथी ग्रॅहॅम हिल यानं केल्या होत्या. ४ जून १९६७ ला क्लार्क तीच शर्यत जिंकला. त्याच वर्षी मोंझाला पंक्चरमुळे तो एक लॅप मागं पडला, ती भरून काढून पुन्हा पहिला आला आणि शेवटच्या लॅपमध्ये इंधन संपत आल्यानं तिसरा राहिला. हे सारं माझ्या पुतण्यानं तोंड उघडं ठेवून ऐकलं.

पण क्लार्कजवळ एक गोष्ट होती जी आमच्याजवळ नाही. त्याचं शरीर तुझ्यात बसलेलं होतं. मागची चाकं घसरायला लागली की आधी कमरेला कळतं, कानातल्या तोलाला कळतं, आणि डोळ्यांना दिसायच्या आत हात हललेले असतात. खोलीतली खुर्ची जागची हलत नाही. आम्हाला मिळतं ते एवढंच: पडद्यावरचं चित्र, टायरची किरकिर आणि स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर. म्हणून तू खोलीत खऱ्यापेक्षाही अवघड होतेस. तुझं गणित चोख असलं तरी तुझी अर्धी खबर आमच्यापर्यंत पोचतच नाही.

काही जाणकार म्हणतात, मदत घ्यायची तर सिम्युलेटर कशाला, सरळ एखादा गेम खेळावा. हे मला साफ अमान्य आहे. खऱ्या शर्यतीतला अभियंता दुसरं करतो तरी काय? चालकाला विश्वासानं चालवता येईल अशी गाडी देणं हीच त्याची नोकरी. १९६८ मध्ये मोनॅकोला तुझ्याच नाकाला छोटे पंख लागले. १९९३ च्या विल्यम्स एफडब्ल्यू१५सी या फॉर्म्युला वन गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल होतं, एबीएस होतं, सस्पेन्शनही संगणक सांभाळत होता. पुढच्या मोसमात ही साधनं बंद केली गेली. २००१ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल परत आलं आणि २००८ पासून पुन्हा गेलं. आजच्या जीटी३ गाड्यांच्या स्टिअरिंगवर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलची बटणं असतात, आणि व्यावसायिक चालकही ती वापरतात. अवघड सिम्युलेटरची कीर्ती मिळवलेल्या ‘ग्रां प्री लेजंड्स’मध्येही, १९९८ मध्ये, पपायरसनं तुझ्या सोबतीला कमी ताकदीच्या शिकाऊ गाड्या दिल्या होत्या. तेव्हा सोपं करण्यात कमीपणा नाही. माझं भांडण फक्त त्या मदतीशी आहे जी तुझं घसरणं चालकापासून लपवते.

‘असेटो कोर्सा’ या इटालियन शब्दांचा अर्थच शर्यतीसाठीची गाडीची जुळवणी. रोमजवळ वालेलुंगाच्या ट्रॅकवर बसून कुनोस सिम्युलाझिओनीच्या लोकांनी हे नाव ठेवलं, आणि तुला सोपी कशी करायची याचं उत्तर त्या नावातच होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मापाची टेप घेऊन बसलो. आमचा पडदा २४ इंची, डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर. त्यावर खऱ्या मापाचं दृश्य हवं तर दिसण्याचा उभा कोन साधारण २८ अंश यायला हवा. आमचा त्याच्या जवळपास दुप्पट होता. म्हणजे वळण होतं त्यापेक्षा लांब दिसत होतं आणि गाडी किती वळली हे डोळ्यांना उशिरा कळत होतं. कोन कमी केल्यावर पुतण्या आधी कुरकुरला, आजूबाजूचं काहीच दिसत नाही म्हणाला. पाच मिनिटांनी गप्प झाला, कारण ब्रेक बरोबर जागी लागायला लागला.

मग स्टिअरिंगचा जोर. त्यानं तो पूर्ण वाढवून ठेवला होता, मजबूत वाटावं म्हणून. पडद्यावरची फोर्स फीडबॅकची पट्टी प्रत्येक वळणात लाल होत होती. मोटर आधीच कमाल मर्यादेला जाऊन बसली असेल तर पुढचा टायर सुटताना होणारा बारीक फरक ती दाखवणार कशी? जोर उतरवत नेला, पट्टी क्वचितच लाल व्हायला लागली, आणि तो एकदम म्हणाला, ‘अरे, आत्ता हलकं झालं हाताला!’ ते हलकं होणं म्हणजे तूच बोलत होतीस.

मग तुझी जुळवणी. मागचा अँटी-रोल बार मऊ केला. बार कडक असला की वळणात भार बाहेरच्या मागच्या चाकावर जातो, आणि टायरचा असा स्वभाव आहे की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. मऊ केल्यावर दोन्ही मागची चाकं काम वाटून घेतात. ब्रेकचा जोर थोडा पुढं सरकवला, म्हणजे ब्रेक मारताना मागची चाकं आधी अडकणार नाहीत. यामुळे तू वळणात नाक थोडं बाहेर टाकायला लागलीस, वेळही थोडा वाढला. शिकणाऱ्याला ही किंमत परवडते. आणि दोन दिवस त्याला माझदाची एमएक्स-५ चालवायला लावली. तीही मागच्या चाकांवर चालते, तीही घसरते, पण सावकाश, सांगून सवरून.

यातल्या एकाही गोष्टीनं तुझं घसरणं लपवलं नाही. थ्रॉटल चुकला तर तू आजही फिरतेस, आणि का फिरलीस ते त्याला कळतं.

सिम्युलेटर शिकवणाऱ्या सगळ्यांना तुझ्या साक्षीनं एकच विनंती करतो. नवखा माणूस ‘सोपी करा’ म्हणाला तर त्याला हिणवू नका, आणि शंभराची पट्टी देऊन वाटेलाही लावू नका. टेप आणा, पडद्याचं अंतर मोजा, स्टिअरिंगचा जोर उतरवा.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्यानं मोंझावर दहा लॅप मारल्या. स्टॅबिलिटी कंट्रोल शून्यावर होतं. तू एकदाच फिरलीस, सहाव्या लॅपला, दुसऱ्या लेस्मोवर.

तुझा,
पुतण्याचा काका