साफसफाईनंतर कॉम्प्युटरची स्क्रीन काळी? आधी हे बघा

महाराष्ट्रात खंडेनवमी, तर इथे बंगळुरूत आयुधपूजा. रस्त्यारस्त्यावर गाड्यांना हार, दुकानांच्या दारात फोडलेले कोहळे, आणि ऑफिसांत चक्क कॉम्प्युटरला हळदकुंकू! ज्या हत्यारावर आपलं पोट चालतं ते वर्षातून एकदा स्वच्छ करून त्याला हात जोडायचे, ही रीत मला फार आवडते. पण पूजेच्या आदल्या दिवशी हौसेने सीपीयूचं झाकण उघडून धूळ काढली जाते आणि कधीकधी नको ते होतं. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच.

आमच्या वरच्या मजल्यावर बेळगावच्या आजी राहतात. त्यांच्या नातवाने जुना कॉम्प्युटर साफ केला आणि हेच झालं. फोनवर कुणीतरी सांगितलं, "मदरबोर्ड गेला असणार, नवीनच घ्या." आजींना नव्याजुन्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "ह्यांचे फोटो गेले काय रे सगळे?" आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांचे फोटो त्याच डब्यात होते.

म्हणून तुम्हालाही आधी तेच सांगतो, जे आजींना सांगितलं. फोटो असतात हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर. स्क्रीन काळी झाली म्हणून डिस्क पुसली जात नाही. मदरबोर्ड खरंच गेला असला, तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फोटो बहुतेक वेळा मिळतात. तेव्हा घाबरून काही विकू नका, टाकू नका.

आता सोप्यापासून सुरुवात करा. मॉनिटरवर 'नो सिग्नल' दिसत असेल तर मॉनिटर चालू आहे, फक्त चित्र पोचत नाही. केबल नीट बसवा. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच सॉकेटमध्ये हवी. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लागणं अगदी नेहमीचं आहे.

तरीही काही दिसलं नाही, तर मुख्य वायर भिंतीतून काढा. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, कारण अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. ओल्या फडक्याने पुसलं असेल, तर सगळं पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

मग बघा रॅम. ब्रश फिरवताना ती जराशी जरी हलली, तरी चित्र येत नाही. पट्टी काढा आणि खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखं दाबा. 'टक्' आवाज होऊन क्लिप बंद झाली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. ग्राफिक्स कार्डही असंच बसवा. मदरबोर्डची रुंद वायर आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर घट्ट आहे ना, तेही तपासा. शेवटचा उपाय म्हणजे मदरबोर्डवरचा गोल, तीन व्होल्टचा सेल पाचेक मिनिटं काढून परत बसवणं. त्याने मदरबोर्डची सेटिंग मूळ पदावर येतात. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

आजींच्या कॉम्प्युटरची रॅमच एका टोकाला वर राहिली होती. नातवाने स्वतःच दाबून बसवली. स्क्रीन उजळली, म्हैसूरच्या राजवाड्यासमोर उभे असलेले आजोबा दिसले, आणि आजींनी पदर डोळ्यांना लावला.

एवढं करूनही चित्र आलं नाही, तर एस. पी. रोडसारख्या बाजारात जाणकार दुरुस्तीवाले मिळतात. काय काय तपासलंत ते त्यांना सांगा आणि डिस्कला हात लावण्याआधी फोटोंची प्रत मागा.

आणि पुढच्या वेळी झाकण उघडण्यापूर्वी दोन कामं करा. फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि आतल्या वायरींचा मोबाईलवर एक फोटो काढा. मग खुशाल ब्रश घ्या. हळदकुंकू मात्र डब्याला बाहेरूनच लावा!