सात ओळखीचे

परवा नात पुण्याहून आली. एरवी उंबऱ्यातूनच "आजोबा, आज काय केलंय जेवायला?" म्हणून ओरडणारी पोरगी या वेळी गप्प गप्प. रात्री ओसरीवर बसल्यावर बोलती झाली.

ऑफिसात जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, रजा मागितली की तोंडं वाकडी. तिने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, युनियन करता येईल का म्हणून. दोन दिवसांत साठ जण! तिसऱ्या दिवशी कुणीतरी स्क्रीनशॉट काढून साहेबांना दाखवला. एका मुलाला राजीनामा द्यायला लावला. "पहिला मेसेज माझा होता आजोबा, आणि नोकरी त्याची गेली.." एवढं बोलून रडायला लागली.

मंडळी, मला ग्रुपमधलं फारसं कळत नाही. पण मला आमचे थोरले चुलते आबा आठवले. मस्जिद बंदरला पाठीवरून गोणी वाहायचे. तेव्हा आपल्याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील माथाडींची संघटना बांधत होते. आबा सांगायचे, मुकादमाचे कान सगळीकडे. म्हणून बोलणं व्हायचं ते रात्री गावच्या खोलीवर, एकेकाशी. कोण कुठल्या वाडीचा, घरी खाणारी तोंडं किती, हे कळल्यावर मग वर्गणीची गोष्ट. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अशा कित्येक रात्री होत्या.

नातीला म्हटलं, फोन वाईट नाही गं. आबांच्या पोस्टकार्डापेक्षा बराच! पण तो निरोप्या आहे, जामीन नाही. अनोळखी साठ गोळा करण्याआधी ओळखीचे सात बघ. युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायलाही निदान सात सभासद लागतात. शिवाय अर्जाच्या दिवशी दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला जो आकडा कमी, तेवढे सभासद हवेत. ते या सातांनंतर जमतील.

तिने डोळे पुसले. म्हणाली, "ऑफिसच्या लॅपटॉपवर आता एक अक्षर लिहायचं नाही. आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज ठेवू."

"स्क्रीनशॉट काढणारा पुसायच्या आधीच काढील की!"

तेव्हा कुठे हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेली. खोलीवर न जाता आधी त्या मुलाच्या घरी जाणार म्हणाली. मी काही बोललो नाही. दुपारी पोचल्याचा फोन आला. त्याच्या आईने जेवूनच पाठवलं म्हणे.

असो. तुमच्या घरची मुलं काय म्हणतात, जरूर कळवा.