डोकं विस्कटलेला ढग

११ सप्टेंबर १८२१. सकाळी दहा ते अकरा या तासाभरात इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने हॅम्पस्टेडचं आभाळ रंगवलं. कागदावर, तैलरंगात. जमिनीची खूण म्हणून उजव्या बाजूला झाड तेवढं आहे, बाकी सगळा ढग. चित्रासोबत त्याने नोंद ठेवली: तारीख, वेळ, ढग रुपेरी करडे, उकाडा, वारा मंद, दिवसभर उघडीप. आणि सगळ्यात शेवटी, रात्री पाऊस झाला.

त्या रात्रीच्या पावसापाशी मी अडकले. चित्र अकरालाच हातावेगळं झालं होतं. म्हणजे रात्री उशिरा नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याने ते पुन्हा पुढ्यात घेतलं आणि सकाळच्या ढगांचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलं. चित्रकाराला त्याची काय गरज? ढगाचं पुढे काय झालं याची चौकशी तोच करतो, ज्याचं त्या आभाळाखाली काहीतरी वाळत पडलेलं असतं.

कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा. सफोक-एसेक्सच्या सीमेवर वडिलांच्या पाणचक्क्या होत्या, पवनचक्क्या होत्या. त्याने स्वतः वर्षभर पवनचक्कीवर काम केलं. ईस्ट बर्गहोल्टच्या चक्कीच्या लाकडात त्याने कोरलेलं नाव आणि १७९२ हे साल अजून वाचता येतं. पवनचक्कीवरच्या माणसाला नुसतं आभाळाकडे बघत बसून भागत नाही. वारा फिरला की चक्कीचं तोंड फिरवायचं, वादळाची चिन्हं दिसली की पात्यांवरचं कापड वेळेत आवरायचं. उशीर झाला तर अख्खी चक्की मोडून पडते. अशा कामात नजर जी तयार होते ती कुठल्याही कलाशाळेत होत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढे त्याने थॉमस फोर्स्टरचं हवामानावरचं पुस्तक समासात टिपणं काढत वाचलं. पण पुस्तक मागून आलं, चक्की आधी.

माझं आजोळ बार्शीकडचं. धाब्याचं घर आणि वर ऐसपैस माळवद. चैत्र-वैशाखात त्या माळवदावर वाळवण पडायचं. पापड, सांडगे, शेवया, पण मान कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजायचे, मग वाटून, गाळून चीक निघायचा, रात्रभर निवळायचा, आणि पहाटे अंधारातच चुलीवर मोठ्या पातेल्यात घोटायला घेतला जायचा. चीक शिजला की तो गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या. हाताला चटके बसत. ऊन चढायच्या आत माळवदावर अंथरलेलं आजीचं जुनं लुगडं कुरडयांनी भरून गेलेलं असे. इतक्या सगळ्या खटाटोपावर वळवाची एक सर पडली की संपलं. ओल्या कुरडईचा पुन्हा लगदा होतो आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास सुटतो.

दुपारी सगळी खाली आडवी व्हायची. राखणीला मी. कावळ्या-चिमण्यांना हाकलायला हातात काठी असे, पण खरी राखण आभाळाची.

आजीने मला आभाळ बघायला शिकवलं. बारापर्यंत काही नसतं, म्हणायची, नुसतं पांढरं ऊन. त्यानंतर दक्षिणेच्या अंगाला ढग उगवतात. बुडं सगळ्यांची एका पातळीत, फळीवर डबे मांडल्यासारखी. पोराटोरांचं लक्ष त्या काळ्या बुडांकडे जातं. "बुडाकडं बघू नगं," ती सांगायची, "डोकं बघ. डोक्याची कड घट्ट हाय तवर त्यो वाढतोय, तवर टाइम हाय. डोकं विस्कटलं की मला हाक मार."

तासन्‌तास मी ढगांची डोकी बघितली आहेत. फुगत फुगत वर चढणारा ढग बघता बघता एका बाजूने मऊ पडतो. कड पुसट होते, पांढरा रंग थोडा मळतो, आणि जिथे आत्तापर्यंत ठसठशीत गोलाई होती तिथे नुसते धागे उरतात. त्या उंचीवर पाण्याचे थेंब गोठून हिमकण होऊ लागतात म्हणून कड अशी विरते, आणि अशा ढगातून पाऊस यायला मग फार वेळ लागत नाही, हे मी खूप मोठी झाल्यावर वाचलं. माळवदावर मला एवढंच ठाऊक होतं की आता ओरडायचं.

एका वैशाखातली दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. मी ओरडले, सगळ्या धावत वर आल्या. उजेड पिवळा, तांबूस झाला होता. समोरच्या वाड्याची पांढरी भिंत एकाएकी झगझगीत दिसायला लागली, कारण तिच्या मागचं आभाळ निळंकाळं झालं होतं. आधी गार वाऱ्याची एक झुळूक, मग धूळ, मग टपोरे थेंब, दूर दूर पडणारे. मामी आणि मावशीने लुगड्याची टोकं धरली आणि कुरडयांसकट ते झोळी करून जिन्याने खाली नेलं. मी काठी घेऊन मागोमाग निघाले, आणि वळून बघते तर आजी वरच. माळवदाच्या कठड्याला हात टेकवून उभी. खालून आजोबा ओरडत होते, "अगं, वीज पडंल, ये खाली!" ती म्हणाली, "कुरडया गेल्या न्हवं खाली? मग मी येते की." आणि तशीच उभी राहिली. पदर वाऱ्यावर, नजर आभाळात. कुरडया सुखरूप होत्या, तिला आता त्या ढगाकडून काहीही समजून घ्यायचं नव्हतं. तिला तो फक्त बघायचा होता. मला वाटतं, वर्षानुवर्षं राखण केल्याशिवाय तसं बघता येत नाही.

आज पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या दक्षिणमुखी गॅलरीत मी रंगवायला बसते ते तेवढ्यासाठी. आभाळाचं एक बरं आहे, त्याला शोधत कुठे जावं लागत नाही. कॉन्स्टेबलसुद्धा आभाळासाठी दूरदेशी गेला नाही. बायकोची, मारियाची, तब्येत लंडनच्या धुरात बरी राहीना, म्हणून त्याने हॅम्पस्टेडच्या उंचावर भाड्याने घर घेतलं. १८२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या बागेतली वाळू, कोळसे आणि झाडू ठेवायची खोपटी रिकामी करून तिथे कामाची जागा केली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने मित्राला कळवलं की आभाळाचे पन्नासेक अभ्यास झाले आहेत. घरात लहान मुलं, क्षयाने खंगत जाणारी बायको, आणि तिला चांगली हवा मिळावी म्हणून घेतलेल्या घरातून त्याच हवेची ही चित्रं. मारिया १८२८ च्या नोव्हेंबरात गेली. तिच्या आजारपणाची हकीकत वाचल्यापासून ते ढग मला निव्वळ निसर्गचित्रं वाटत नाहीत. घरातल्या माणसाच्या श्वासासाठी कुणी हवेवर असं लक्ष ठेवून असेल, तर वारा कुठला आणि किती हे त्याने का लिहू नये?

आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की जलरंग. मलाही ते आवडतात, पावसानंतरचा ओला रस्ता जलरंगातच बघावा. पण वळवाच्या ढगाला वजन असतं, ते तैलरंगच पेलतात. शिवाय ढग थांबत नाही. काढलेलं खरवडून पुन्हा काढण्याची मुभा हवी, ती तेलात मिळते. बोर्डला मी आधी विटकरी गुलाबी अस्तर देते. वरच्या निळ्या-करड्या फटकाऱ्यांतून ते मध्येमध्ये डोकावलं की आभाळाला आतून ऊब येते. काळा रंग ढगात घालू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळून जो करडा होतो, त्यात वादळ आपसूक असतं. घट्ट कड सुरीने, आणि डोकं विस्कटलं की जवळजवळ कोरडा, राठ केसांचा ब्रश.

तेल जवसाचं. आजी ज्या जवसाची चटणी खलबत्त्यात कुटायची त्याच जवसाचं. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं, आणि आषाढातल्या दमट हवेत चित्र दिवसेंदिवस बोटाला चिकटत राहतं. एवढं सोडलं तर माझं सगळं सोपं आहे. कथलाच्या ट्यूबा १८४१ मध्ये निघाल्या, कॉन्स्टेबल १८३७ मध्येच वारला. त्याचा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत असे. पिशवीला टोचायचं, रंग पिळून घ्यायचा आणि भोक बुजवायचं. इतकं करून तासाभरात ढग पकडायचा.

पाहुणे येतात, चित्रं बघतात, आणि दिवाणखान्यासाठी स्वच्छ निळं आभाळ काढून मागतात. सॉल्झबरीच्या बिशपनेही तेच केलं होतं. कॅथीड्रलच्या चित्रातला काळा ढग त्यांना रुचला नाही, तेव्हा कॉन्स्टेबलने तेच दृश्य उजळ आभाळ घालून पुन्हा रंगवलं. दोन्ही चित्रं आहेत. मला पहिलंच आवडतं. ढग आहे म्हणून तर तो उंच दगडी मनोरा उन्हात असा उठून दिसतो.

पुण्यात राहून आभाळाचा नाद लागला तर त्यात नवल नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. इथल्या पावसाळी आभाळात एक गोष्ट आहे जी मला अजून कुठल्याच चित्रात भेटलेली नाही. श्रावणात खालचे करडे ढग घाटावरून येऊन पश्चिमेकडून पूर्वेला धावत असतात. त्यांच्यात फट पडली की खूप वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, बारीक तंतूंचे पांढरे ढग दिसतात, आणि नीट बघत राहिलं तर कळतं की ते उलटे, पूर्वेकडून पश्चिमेला सरकताहेत. पावसाळ्यात त्या उंचीवर पूर्वेचा जोरदार झोत असतो. एकाच आभाळात दोन वारे, एकमेकांविरुद्ध. दक्षिणेला तोंड करून बसलं की खालचा उजवीकडून डावीकडे, वरचा डावीकडून उजवीकडे.

हे एका बोर्डवर आणायचं कसं, यात मी सध्या गुंतले आहे. वरचा थर मागचा, म्हणून तो आधी रंगवावा लागतो, आणि खालच्याला हात लावण्याआधी तो सुकावा लागतो. तो सुकेपर्यंत आभाळ दुसरंच झालेलं असतं. ओल्यावरच खालचा थर चढवला तर दोन्ही वारे एकमेकांत मिसळून नुसतं मळभ होतं. लवकर सुकावं म्हणून अंबर हा तपकिरी रंग घालून बघितला, तर तंतूंचा पांढरेपणा गेला. आता वरचे तंतू पातळ, जवळजवळ टर्पेंटाइनमध्येच लावून बघते आहे. यापेक्षा चांगली रीत कुणाच्या हाताला सापडली असेल, तर त्या माणसाच्या शेजारी बसून मला ती शिकायची आहे.