येळवस आणि बाबागाडी

परदेशातल्या मराठी कुटुंबाची रविवारची सहल मुलाच्या झोपेवर ठरते. सकाळची झोप संपली की निघायचे आणि दुपारची झोप गाडीत लागेल अशा बेताने परतायचे. मधल्या दोन-अडीच तासांत बाग, तळे, बदके, खाणे आणि दोनदा लंगोट बदलणे एवढे सगळे बसवायचे. डिकीत घडीची बाबागाडी, मागच्या सीटवर पट्ट्यांची खुर्ची, पिशवीत कपड्यांचे दोन जोड, ओले रुमाल, दुधाची बाटली, डब्यात वरणभात. मोठी माणसे दोनच. एकाच्या हातात चाक, दुसरे मागे मुलाजवळ. बागेच्या दाराशी पोचावे तर मूल नुकतेच झोपलेले असते, आणि त्याला उठवायचे की गाडीतच बसून राहायचे यावर दबक्या आवाजात वाद होतो. हा वाद ज्यांनी घातला नाही असे आईबाप विरळाच.

पट्ट्यांची खुर्ची हौसेपोटी येत नाही, कायद्यापोटी येते. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला तशा आसनाशिवाय मोटारीत बसवता येत नाही. ब्रिटनमध्ये ही हद्द १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर. संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला ती सक्तीची झाली. कायद्याच्या वर ऋतूचा हुकूम. आखातात बागेत जायचे ते साधारण नोव्हेंबर ते मार्च. उरलेल्या महिन्यांत मॉलच्या थंडगार फरशीवरच मूल चालायला शिकते. जर्मनीच्या हिवाळ्यात उलट तऱ्हा: कपड्यांचे थर चढवता चढवता इतका वेळ जातो की शेवटची टोपी बांधून होते तेव्हा आतला लंगोट ओला झालेला असतो.

कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी या भागातून बाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांना यातले सामान फारसे जड जात नाही. जड जाते ते माणसांचे कमी असणे. इकडे लहान मूल घेऊन निघायचे म्हणजे निदान सात-आठ माणसे असतात, आणि मूल कोणा एकाकडे नसतेच. बसमध्ये आजीच्या मांडीवर, उतरताना काकाच्या कडेवर, चढण आली की मामाच्या खांद्यावर, जेवायच्या वेळी आत्याच्या पुढ्यात. आईच्या हाती ते येते फक्त भूक लागली की. परदेशातली बाबागाडी या साऱ्या माणसांच्या बदली आलेली आहे. तिला चार चाके असतात, पण रडणाऱ्या मुलाला ती दुसऱ्या मांडीवर देऊ शकत नाही. मोटारसायकलच्या टाकीवर पोर बसवून चौघांनी जायची इकडची रीतही याच हिशेबातली. ती धोक्याची आहे, यात वाद नाही. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर सुरक्षापट्टा आणि शिरस्त्राण हवे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. रस्त्यावर तो पट्टा क्वचितच दिसतो.

आणखी एक फरक शब्दाचा आहे. या भागात कोणी घरी 'सहलीला जाऊ' असे म्हणत नाही. सहल शाळेची असते. घरातली माणसे देवाला जातात, शेताला जातात, जत्रेला जातात, पाहुण्याकडे जातात, आणि मूल बरोबर असते. मुलासाठी म्हणून घर उठून निघाले असे होते ते जावळ काढायला. परदेशात मात्र सगळी सहल मुलाभोवतीच बेतलेली असते. ते कंटाळले की ती संपली. मुलाला यातले कोणते बरे वाटते हे सांगणे अवघड. मोठ्यांच्या कामात लुडबुडत फिरलेले मूल पुष्कळ काही बघून घेते, एवढे मात्र खरे.

परमुलूख ही गोष्टही या कुटुंबांना तितकी नवी नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बाकीचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्या एका तारखेला कितीतरी घरांचे मामाचे गाव परराज्यात गेले. बैलगाडी तीच, वाट तीच, मधे राज्याची सीमा आली. तेव्हापासून इथले मूल घरात मराठी बोलते, बसची पाटी कन्नडात बघते, बाजारात दखनी ऐकते आणि यातल्या कुठल्याही भाषेला परकी म्हणायचे त्याला सुचत नाही. ज्या आईबापांचे बालपण असे गेले त्यांना म्युनिकच्या ट्राममध्ये आपल्या मुलाशी मराठीत मोठ्याने बोलायला संकोच वाटत नाही. तळ्याकाठी पाटीवर जर्मन नाव असते, पाळणाघरातली बाई वेगळे नाव सांगते, आई 'बदक' म्हणते. मूल तिन्ही शब्द वापरते, आणि कोणाशी कोणता वापरायचा ते त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत पक्के कळलेले असते. भाषा टिकावी म्हणून परदेशात मंडळे आहेत, शाळा आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. पण मुलाची नामे बहुधा वर्गात नव्हे, बाहेर फिरताना जमतात. मुंगी, चिखल, खड्डा, सावली हे शब्द घरातल्या गालिच्यावर शिकवता येत नाहीत.

सुट्टीत ही कुटुंबे गावी येतात ती बहुतेक डिसेंबरात. हैदराबादच्या विमानतळावरून गाडीने राजमार्गाला लागायचे, बसवकल्याणला उतरायचे. पहिले दोन दिवस मूल रात्री जागते, दिवसा झोपते आणि सारी गल्ली त्याला बघून जाते. तिसऱ्या दिवशी बाहेर पडणे सुरू होते, आणि बाबागाडीची परीक्षा तिथेच होते. किल्ल्याच्या दगडी चढावर तिची पुढची चाके अडकतात. त्रिपुरांत तलावाच्या काठाने ती थोडी चालते. बसवेश्वरांच्या १०८ फुटी मूर्तीपुढे मोकळी जागा असल्याने तिथे तिचे बरे चालते. मूल मान मागे टाकून वर बघते आणि तोल जाऊन खाली बसते. मग एखादा काका ती घडी करून जिन्याखाली ठेवून देतो, आणि ती परतायच्या दिवशीच बाहेर निघते.

मार्गशीर्षात पहिला मान माणिकनगरचा. माणिकप्रभूंचा जन्म बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा, १८१७ च्या दत्तजयंतीचा. बालपण बसवकल्याणात मामाच्या घरी गेले आणि पुढे हुमनाबादजवळ त्यांनी माणिकनगर वसवले. त्यांची पदे मराठीत आहेत तशी कन्नडातही. दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे गर्दी होते, आणि गर्दीत मूल खांद्यावरच बरे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांत 'शक्ती' योजनेखाली तिकीट नाही, त्यामुळे आजी, आत्या, मावशी, शेजारची काकू अशा साऱ्या निघतात. मुलाला मांड्यांचा तोटा उरत नाही. तुळजापूरला जायचे तर मात्र सीमा ओलांडावी लागते. तिथे बायकांनाही तिकीट पडते, आणि आजीला ते अजून पटलेले नाही.

बसवकल्याणहून बीदर सुमारे ८० किलोमीटर. तिथे महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशाच्या रंगीत फरशा मोठ्यांनी बघायच्या. लहानग्याला ओढ झरणी नरसिंहाची. डोंगरात सुमारे तीनशे मीटर लांबीचे भुयार आहे, त्यात मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर, काही ठिकाणी छातीपर्यंत पाणी, आणि टोकाला देव. आत दिवे आहेत, छताला वटवाघळे आहेत. एवढ्या पाण्यातून लहान मूल नेण्याची एकच सोय: बापाचे खांदे. दोन्ही पाय गळ्याभोवती टाकून, केस मुठीत धरून मूल वर बसते आणि कोरडे राहते. परदेशात पोहण्याच्या तलावावर दंडाला फुगे लावल्याशिवाय मुलाला पाण्याजवळ न नेणारा बाप इथे त्याला घेऊन अंधाऱ्या पाण्यात शिरतो. भोवती ओळखी-अनोळखीची पन्नास माणसे असतात, म्हणून त्याला भीती वाटत नाही. ती वाटायला हवी की नको, हा प्रश्न परतल्यावर पडतो.

जलसंगवीचे चालुक्यकालीन देऊळ हुमनाबाद तालुक्यातच, वाकडी वाट करून बघण्याजोगे. भिंतीवरच्या शिलाबालिकांत एक शिलापटावर अक्षरे लिहीत उभी आहे. लेख सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा. लहान मुलाला त्यात काही रस नसतो. त्याला देवळाबाहेरची शेळी पुरते.

या साऱ्यांहून वेगळी, आणि खास या पट्ट्याचीच, ती येळवस. पंचांगात मार्गशीर्ष अमावास्या, लातूर-धाराशिवाकडे वेळा अमावास्या, कन्नडात एळ्ळ अमावास्या. कन्नडातला एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी गाव रिकामे होते. दुकाने बंद, गल्ल्या ओस, सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला कोणी ना कोणी बोलावतेच, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ज्वारी पोटऱ्यात किंवा निसवायला आलेली, तुरीच्या शेंगा भरलेल्या, हरभरा घाट्यांवर, करडईची पाने अजून कोवळी. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजतात. आंबिलीचे बिंदगे डोक्यावरून येते. बिंदगे हा शब्दही कन्नडातून आलेला, पण लातूरच्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल. पूजेनंतर आंबील शेतभर शिंपडत, आरोळी देत फिरतात. त्या आरोळीचे शब्द मराठीत लागत नाहीत, कन्नडात अर्धेच लागतात, आणि देणाऱ्याला त्याची फिकीर नसते.

मग जेवण. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, बाजरीची भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर, वर ताकातली लसूण घातलेली आंबील. भज्जी हे लहान मुलाचे अन्न म्हणून कोणी रांधलेले नसते, तरी ते मऊ असते आणि एक वर्षाचे मूलही उंडा कुस्करून खाते. परदेशात ज्या मुलासाठी दर पदार्थ तीन-तीन दिवसांच्या अंतराने, वहीत नोंद करून सुरू केला, ते इथे एका बैठकीत सात धान्ये खाते आणि पोट बिघडत नाही. कधी बिघडतेही, आजीकडे ओव्याचे पाणी असते. दुपारी कोपीच्या सावलीत दुपट्यावर मूल झोपते. त्याच्या झोपेवर कोणाचे काही अडत नाही, म्हणून ते झोपू शकते. संध्याकाळी पेंढ्यांची चूड पेटवून शेताभोवती फिरवतात. तेवढ्यासाठी त्याला उठवतात, आणि इथे त्यावर वाद होत नाही.

शेताला जाऊन खाण्याची ही रीत किती जुनी, हे बसवकल्याणच्याच एका ग्रंथावरून ताडता येते. कल्याण या नावाने ते चालुक्यांची राजधानी असताना तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ साली 'मानसोल्लास' पुरा केला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातलीच. त्याच्या शेवटच्या भागात वीस क्रीडा सांगितल्या आहेत: डोंगरावरची भूधरक्रीडा, वनक्रीडा, झोक्याची आंदोलनक्रीडा, हिरवळीवरची शाद्वलक्रीडा, वाळूतली वालुकाक्रीडा, चांदण्यातली ज्योत्स्नाक्रीडा, आणि उभ्या पिकातली सस्यक्रीडा. म्युनिकची हिरवळ, दुबईची वाळू आणि बसवकल्याणची ज्वारी अशी तिन्ही ठिकाणे त्या यादीत सापडतात. ग्रंथ मात्र राजाच्या करमणुकीचा. कडेवर पोर घेऊन निघणाऱ्यांसाठी तो लिहिलेला नाही.

परत गेल्यावर काही घरी येळवस तिकडेही होते. गुजराती दुकानातून गोठवलेले तुरीचे दाणे येतात, बाजरीचे पीठ मिळते, ताक घरी होते. भज्जी जमते. शिंपायला शेत नसते. बाल्कनीत कुंडी असली तर आंबिलीचा एक चमचा कुंडीत. पण ज्यांना गावीच यायचे असते त्यांची अडचण तिथीची. २०२२ साली २ जानेवारीला येळवस आली, ती नाताळच्या सुट्टीत बसली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला पुन्हा आली. पुढची ११ जानेवारी २०२४ ला, म्हणजे परदेशातल्या शाळा उघडल्यावर. त्यानंतरची ३० डिसेंबर २०२४ ला. मूल पाळणाघरात आहे तोवर तारीख कोणतीही चालते, दोन दिवस जास्त राहिले तरी कोणी विचारत नाही. पहिलीत गेले की चालत नाही. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना मुलाला शाळेतून काढून फिरायला नेले तर आईबापांना दंड होतो. त्यामुळे कोपीत झोपण्याच्या वयात एखाद्या मुलाच्या वाट्याला तीन-चार येळवशी येतात, त्यापुढे पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवून बघावे लागते. तोवर बाबागाडीही लहान पडलेली असते आणि इकडच्याच कोणा भाच्याच्या घरी ज्वारीची पोती वाहायच्या कामी लागलेली असते.